पगाराच्या मापाचे घर



गेल्या महिन्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही घरी परतलो, तो आमच्या शेजारच्या ताईंची मुलगी व जावई दारात उभे. मुलगी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे, जावई एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. हातात पेढ्यांचा पुडा होता, पण दोघांच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. घरांच्या एका सोडतीत त्यांना घर लागले होते. लग्नाला सहा वर्षे झाली, तेव्हापासून ती दोघे भाड्याच्या खोलीत राहतात. अकरा महिन्यांचा करार संपला की सामान बांधायचे, नवी खोली शोधायची, दलालाला पुन्हा महिन्याचे भाडे मोजायचे, असे चालले आहे. पाच वेळा अर्ज केल्यावर नाव लागले.

पोरगी बसली आणि म्हणाली, "काका, घर लागलं म्हणून सगळ्या बिल्डिंगीत पेढे वाटले. आता पैसे जमत नाहीत, घर परत करतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

आम्ही पेशाने कारकून, शिक्षणाने बी.कॉम. त्यामुळे वस्तीत कोणाला फंडाचे, कर्जाचे, आयकराचे काही विचारायचे झाले की पावले आमच्या घराकडे वळतात. आम्ही वही काढली आणि तिघांनी मिळून हिशेब मांडला. तो हिशेब वाचकांपुढेही ठेवतो, कारण तो एका घरचा नाही, हजारो घरांचा आहे.

दोघांचा मिळून ठोक पगार महिन्याला ७२ हजार रुपये, म्हणजे वर्षाला ८ लाख ६४ हजार. फंड, व्यवसाय कर वगैरे कापून हातात येतात सुमारे ६४ हजार. घराची किंमत ४५ लाख. या किमतीच्या घराला बँक नियमाप्रमाणे ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. म्हणजे ३६ लाख कर्ज आणि ९ लाख पदरचे. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी ३६ लाख घेतले तर महिन्याचा हप्ता ३१ हजार २०० च्या आसपास पडतो. वीस वर्षांत एकूण भरणा होतो सुमारे ७५ लाख. छत्तीस लाख घ्यायचे आणि पंचाहत्तर लाख फेडायचे!

तरीही हप्ता कसाबसा बसतो. अडते ते पदरच्या ९ लाखांवर. त्यांच्या शिलकीत २ लाख होते, फंडातून आणखी २ लाख निघाले असते. उरले ५ लाख. ते पतपेढीतून १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर आणखी ११ हजारांचा हप्ता. दोन्ही हप्ते मिळून साडेबेचाळीस हजारांच्या घरात जातात. हातात उरतात २१ हजार ५०० रुपये. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, रेल्वेचे पास, मुलाची शाळा, सासऱ्यांची औषधे आणि घरखर्च. मुद्रांक शुल्क, नोंदणी हे तर आम्ही धरलेच नव्हते. घरात एक मोठे आजारपण आले की हे गणित मोडलेच.

आता दुसरी बाजू ऐका. या मुलीचे वडील टपाल खात्यात पोस्टमन होते. घरात कमावते ते एकटेच. ताई घर सांभाळीत. तरीही १९८०च्या दशकात मंडळाच्या वसाहतीत भाडे-खरेदी पद्धतीने त्यांना गाळा मिळाला आणि पोस्टमनच्या पगारातून महिन्याचे हप्ते फेडून तो त्यांच्या नावावर झाला. बाप एकटा कमावता, त्याचे घर झाले. मुलगी शिकली, नोकरीला लागली, जावईही कमावता; पण दोन पगारांत एक घर होईना. मुलीच्या शिक्षणासाठी या आईबापाने खस्ता खाल्ल्या, त्या शिक्षणाची मिळकत बिऱ्हाड थाटायला पुरू नये, याचा दोष त्या पोरांचा नाही. मग तो कोठे आहे, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

थोडे मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांनी तिला हातभार लावला, हे सरकारच्या ध्यानी आले आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. याच ट्रस्टच्या बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब वर्षानुवर्षे दोन लहान खोल्यांत राहिले, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यानंतर १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे एकूण २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच आपल्या बी.डी.डी. चाळी. १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामायिक संडास. आमचे बालपण अशाच खोलीत गेले. आठ माणसांच्या त्या बिऱ्हाडात बी.कॉम.चा अभ्यास विहाराच्या ओट्यावर करावा लागला. त्यामुळे जुने ते सोने, असे आम्ही म्हणणार नाही.

या बी.डी.डी. चाळींची एक गोष्ट मात्र आजही शिकण्याजोगी आहे. त्या गिरणी कामगारांसाठी म्हणून बांधल्या, पण बांधून झाल्यावर कित्येक खोल्या बराच काळ रिकाम्या पडून राहिल्या. कामगाराला घर नको होते काय? हवेच होते. पण भाडे त्याच्या मजुरीच्या मापाचे नव्हते आणि वरळीसारखे ठिकाण तेव्हा त्याच्या गिरणीपासून दूर पडत होते. घर बांधले एवढ्यावर भागत नाही. राहणाऱ्याचा पगार आणि त्याच्या कामाची जागा ही दोन मापे आधी घ्यावी लागतात.

शंभर वर्षांनी आपण ती मापे घेऊ लागलो काय? विरार-बोळींजचे उदाहरण पाहा. म्हाडाच्या कोकण मंडळाने तेथे सुमारे दहा हजार घरांची मोठी वसाहत उभारली. तिच्यातील हजारो घरे अनेक वर्षे विकली गेली नाहीत. सोडती काढल्या, पुढे 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' अशी योजनाही काढावी लागली. कारणे तीच. पाण्याची टंचाई होती आणि नोकरी मुंबईत होती. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. सकाळी लोकलच्या दारात लोंबकळत गेलेला माणूस रात्री घरी पोहोचतो तेव्हा मूल झोपलेले असते. घर स्वस्त मिळाले, पण त्याची उरलेली किंमत माणूस रोज लोकलमध्ये मोजतो.

स्वातंत्र्यानंतर मात्र काही काळ सरकारने ही जबाबदारी अंगावर घेतली होती. १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी अर्थसाहाय्यित घरांची योजना आली, १९५४ साली अल्प उत्पन्न गटासाठी आणि १९५९ साली मध्यम उत्पन्न गटासाठी. या योजनांच्या काळात आणि पुढे विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर, घाटकोपरचे पंतनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. १९७७ मध्ये वेगवेगळी मंडळे एकत्र करून म्हाडा स्थापन झाले. या वसाहतींत शिपाई, कारकून, शिक्षक, कामगार शेजारी शेजारी राहिले. आपल्या समाजातील शिकलेली पहिली पिढी अशाच गाळ्यांतून पुढे आली. जमीन मंडळाची होती, त्यामुळे घराच्या किमतीवर जमिनीच्या बाजारभावाचा भार नव्हता. पोस्टमनला घर परवडले ते त्यामुळे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी आणखीही एक वाट धरली होती. शासनाच्या पी.डब्ल्यू.आर. २१९ योजनेखाली मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. सरकारी जमीन, सरकारी साहाय्य आणि सभासदांची काटकसर यांतून ती घरे झाली. कार्यालयात फाइली उचलणाऱ्या माणसांनी रात्री संस्थेची दप्तरे लिहिली. हा वारसा आपण विसरत चाललो आहोत.

मग बिनसले कोठे? जमिनीवर. १९८२चा गिरणी संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. शहराच्या मध्यभागी गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटे फक्त त्या वेळी मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. म्हाडाच्या वाट्याची जमीन आकसली. जेथे कामगारांची, कारकुनांची घरे होऊ शकली असती, तेथे आज मॉल आणि मनोरे उभे आहेत.

जमीन हातची गेली, घरे थोडी उरली, म्हणून त्या थोड्या घरांची सोडत आली. २०२४ साली म्हाडाच्या मुंबई मंडळाने २,०३० घरांची सोडत काढली. अर्ज आले १ लाख १३ हजारांहून अधिक. एका घरामागे पंचावन्न अर्ज! एकाला पेढे, चोपन्न जणांना अनामत परत. सोडत प्रामाणिकपणे काढली तरी ती सोडतच. घर ही गरज आहे. ती नशिबावर सोडायची असेल तर मग धोरण कशाला म्हणायचे?

आणि किमती? २०२३ च्या सोडतीत उच्च उत्पन्न गटासाठी ताडदेवला एक घर होते साडेसात कोटी रुपयांहून अधिक किमतीचे. ते सोडून देऊ. पण अल्प गटाच्या घरांचे काय? २०२२ पासून मुंबई परिसरात वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब अत्यल्प गटात येते, ६ ते ९ लाखांचे अल्प गटात, ९ ते १२ लाखांचे मध्यम गटात. आमच्या शेजारच्या ताईंची मुलगी व जावई अल्प गटात बसतात, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. उत्पन्नाला मर्यादा घातली, पण किमतीला तशी मर्यादा नाही. पुनर्विकासात विकासकाकडून मिळालेल्या घरांच्या किमती रेडी रेकनरच्या दरावर ठरवल्या, त्यामुळे परिसर महाग तेथे गरिबाचे घरही महाग झाले. २०२४ मध्ये अशा ३७० घरांच्या किमतींवर ओरड झाली आणि त्या १० ते २५ टक्क्यांनी कमी करण्यात आल्या. याचा अर्थ काय? किंमत ही आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी टेबलाशी बसून ठरवतो आणि मनावर घेतले तर कमीही करतो.

केंद्राच्या पंतप्रधान आवास योजनेचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला. त्यात वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना गृहकर्जाच्या व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत सवलत आहे. चांगली गोष्ट आहे. पण अट अशी की घर ३५ लाखांच्या आतले आणि कर्ज २५ लाखांच्या आतले हवे. मुंबईत नोकरीच्या जवळपास त्या किमतीचे घर शोधायला निघालेल्या माणसाची पायपीट आम्ही पाहिली आहे. ४५ लाखांचे घर लागलेल्या आमच्या या पोरांना त्या सवलतीचा एक पैसाही मिळत नाही.

येथे काही जण म्हणतात, झोपडीवाल्यांना फुकट घर आणि आम्हा पगारदारांना काहीच नाही. हा सूर आमच्याही वस्तीत ऐकू येतो आणि तो आम्हांस मान्य नाही. झोपडीत राहणाराही राबणाराच आहे. त्याच्यासाठी कोणी घर बांधले नाही, म्हणून त्याने स्वतः पत्रे ठोकले. त्याचे घर काढून आपले होणार नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली होती. म्हणजे या शहरात घरे बांधली जात नाहीत असे नाही. ती राहणाऱ्यासाठी कमी आणि पैसा गुंतवणाऱ्यासाठी जास्त बांधली जातात.

हे दुसरीकडेही असेच असते काय? ज्या दशकात मुंबईत बी.डी.डी. चाळी होत होत्या, त्याच दशकात ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेने १९२३ साली घरांवर एक कर बसवला. मोठ्या, ऐषारामी घरांना तो जास्त, कामगाराच्या घराला नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत तेथे ६० हजारांहून अधिक घरे बांधली गेली. पाळणाघर, धुलाईघर, वाचनालय अशा सोयींसह. त्यातील कार्ल मार्क्स हॉफ ही इमारत आजही लोक मुद्दाम पाहायला जातात. मुख्य गोष्ट ही की ती घरे नगरपालिकेने विकून टाकली नाहीत. आज त्या नगरपालिकेकडे भाड्याची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत आणि तेथे शिक्षक, कारकून, परिचारिका राहतात. तेथील मुलीला विसाव्या-तिसाव्या वर्षी ७५ लाखांचा भरणा अंगावर घ्यावा लागत नाही.

आपल्याकडेही सार्वजनिक जमिनीवर काय होऊ शकते, ते बी.डी.डी. चाळींनी दाखवले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांत शंभर वर्षे काढलेल्या घराण्यांना हे घर मिळाले, कारण खालची जमीन सरकारची होती. मे २०२५ मध्ये राज्याचे नवे गृहनिर्माण धोरणही मंजूर झाले आहे. 'माझे घर, माझा अधिकार' असे त्याचे घोषवाक्य असून २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. भाड्याच्या घरांचा, नोकरदार स्त्रियांच्या निवासाचाही त्यात विचार आहे. आपण त्याचे स्वागत करू. मात्र तीन गोष्टी आपण सर्वांनी आपापल्या लोकप्रतिनिधींना विचारल्या पाहिजेत. सार्वजनिक जमीन विकली जाणार की राखली जाणार? घराची किंमत गटाच्या उत्पन्नाशी बांधली जाणार काय? आणि ज्यांना विकत घेणे झेपत नाही, त्यांना पगाराच्या मापाने दीर्घ मुदतीचे भाड्याचे घर मिळणार काय? आमच्या मते तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे. निर्धास्त भाड्याचे घर मिळाले असते तर आमच्या या पोरांनी सोडतीचा नाद केलाच नसता.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर वाचकांनी, विशेषतः माताभगिनींनी, चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सोडतीचा अर्ज करण्याआधीच पदरचे २० टक्के कोठून येणार याचा हिशेब मांडावा, घर लागल्यावर नव्हे. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि राखीव गटातून अर्ज असल्यास जातीचा दाखला वर्षभर आधी तयार ठेवावा. "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. म्हाडाने कोणीही मध्यस्थ नेमलेला नाही, हे म्हाडा स्वतःच वारंवार सांगते. खासगी घर घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक आणि चटई क्षेत्र तपासावे. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ४५ लाखांवर ते ४५ हजार होतात. पैसा तर वाचतोच, शिवाय बाईच्या पायाखाली हक्काची जमीन येते.

जुन्या वसाहतींतील बांधवांना आणखी एक सांगणे. पुनर्विकासाचे वारे सर्वत्र आहे. करार वाचल्याशिवाय सही करू नका, सर्वसाधारण सभेला स्वतः हजर राहा. आणि नवे घर मिळाल्यावर चार पैसे दिसले म्हणून लगेच विकून शहराबाहेर जाण्याआधी आपल्या मुलांचा विचार करा. हे घर एकदा गेले की त्यांना याच शहरात दुसरे घेणे दोन पगारांतही जमत नाही, हे वरच्या हिशेबात आपण पाहिलेच.

त्या रात्री आमची वही मिटली तेव्हा साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी ताई आल्या आणि पदराची गाठ सोडून त्यांनी बांगड्या टेबलावर ठेवल्या. "भाऊ, पोरीच्या बापानं घर केलं तेव्हा मोडल्या नाहीत. आता मोडते." आम्ही त्या परत त्यांच्या हातात दिल्या आणि सर्वांना पतपेढीत घेऊन गेलो. बांगड्या मोडण्याऐवजी तारण ठेवल्या, त्यामुळे व्याज थोडे कमी बसले. घर परत केलेले नाही. पहिला टप्पा भरला आहे. आम्ही दिलेला सल्ला बरोबर होता की नाही, हे पुढची पाच वर्षे सांगतील आणि तोवर दर महिन्याच्या पाच तारखेला त्या घराइतकीच काळजी आमच्याही घरात असेल.

परिचारिका रात्रपाळी करून शहराची सेवा करते, तिच्या निवाऱ्यासाठी तिच्या आईच्या बांगड्या गहाण पडतात. हा हिशेब एका कारकुनाच्या वहीत मावणारा नाही. तो आपण सर्वांनी मिळून, संघटित होऊन, मागितला पाहिजे.

असो. पुढील अंकी भेटूच. जयभीम!